मिसळणाच्या डब्यात मुंडकी

आमच्या घरात मिसळणाचे दोन डबे आहेत. एकात मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट असा नेहमीचा संसार. दुसऱ्याच्या सात वाट्यांत मुंडकी, केस, टोप्या, तलवारी, चाकं, पारदर्शक दिवे आणि सातवीत 'हे कशाचं आहे कुणालाच आठवत नाही' असा ऐवज. पहिला डबा माझा, दुसरा चिरंजीवांचा. तो सासूबाईंनी दिला. रोज केर काढताना सुपलीत येणारी लेगोची टोपी उचलून उचलून त्या कंटाळल्या आणि एक दिवस माळ्यावरचा जुना डबा काढून नातवापुढे ठेवत म्हणाल्या, "अरे, तुझी ती माणसं जिरं-मोहरीएवढी. मग ठेव की जिरं-मोहरीसारखी!"

त्याआधी मी लेगो आवरायच्या युक्त्या वाचण्यात दोन महिने घालवले होते. रंगीत खण, लेबलं छापायचं यंत्र, काय काय. आणि जगभरच्या लेगोवेड्यांचं शहाणपण फिरूनफिरून येतं कुठे, तर सासूबाईंच्या डब्यापाशी. आकारानुसार वाटी, झाकण उघडलं की एका नजरेत सगळं, आणि बंद केलं की विषय संपला.

लेगो सांडला की सांडले?

डॅनिश भाषेत 'लेग गॉट' म्हणजे छान खेळ. बिलुंड नावाच्या गावातल्या ओले किर्क क्रिस्टियान्सन या सुतारानं 1932 साली लाकडी खेळणी करायला घेतली आणि पुढे या दोन शब्दांची मोडतोड करून 'लेगो' हे नाव जुळवलं. इंग्रजीत अनेकवचन करताना शेवटी 'स' लावू नका, असं कंपनी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगते आहे आणि अमेरिकेतली मुलं ऐकत नाहीत. मराठीत हा तंटाच नाही. एक असो की हजार, लेगो तो लेगोच. शिवाय आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा ठोकळा लेगोच असतो, जशी कुठलीही फोटोकॉपी झेरॉक्सच असते.

टाकायला कारणच सापडत नाही

प्लास्टिकच्या पहिल्या विटा 1949 मध्ये आल्या. हिलरी पेज या इंग्रज गृहस्थाच्या 'किडिक्राफ्ट' विटांवरून त्या बेतल्या होत्या. पण त्यांची पकड यथातथाच होती, जरा हलवलं की घर खाली. मग ओले किर्कचा मुलगा गॉटफ्रेड यानं विटेच्या पोटात नळ्या बसवल्या आणि 28 जानेवारी 1958 रोजी पेटंटसाठी अर्ज केला. वरचे उंचवटे खालच्या नळ्यांत आणि भिंतींत गच्च अडकू लागले. तेव्हापासून मापं बदललेली नाहीत. 1958 ची वीट आजच्या विटेवर टक्कन बसते.

कौतुकाची गोष्ट आहे, पण पसाऱ्याचं मूळही इथेच आहे. फोन जुना होतो, चार्जर बदलतो, सायकल लहान होते, कपडे तोकडे होतात. लेगो जुना होतच नाही. 'आता हे चालत नाही' म्हणून एकही वीट घराबाहेर जात नाही. आवक सुरू, जावक शून्य. बॅंकेतल्या ठेवीचं असं झालं असतं तर किती बरं!

मापं एकदा पाठ झाली की डबे निवडणं सोपं जातं. दोन उंचवट्यांच्या मध्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर. विटेची उंची 9.6 मिलिमीटर. चपट्या पाट्या 3.2 मिलिमीटरच्या, म्हणजे तीन पाट्या एकावर एक ठेवल्या की एक वीट. आठ उंचवट्यांची नेहमीची वीट लांबीला 32 नसून 31.8 मिलिमीटर असते. शेजारच्या विटेशी घासू नये म्हणून ही केसभर जागा सोडलेली. ती नसती तर लांब भिंत रचताना विटांनी एकमेकींना ढकलून भिंतीला पोक काढलं असतं.

हजार विटा म्हणजे तेलाचा कॅन

आता जरा गणित. या आठ उंचवट्यांच्या विटेला साधारण पावणेपाच घन सेंटीमीटर जागा लागते. म्हणजे हजार विटा नीट रचल्या तर पाच लिटर तेलाच्या कॅनमध्ये मावतील, वजन भरेल सव्वादोन किलोच्या आसपास. पण मूल विटा रचून ठेवत नाही, ओततं. ओतलेल्या विटांमध्ये भरपूर हवा राहते, म्हणून त्याच हजारांना आठ-नऊ लिटरचा डबा धरावा. आणि याच हजार विटा फरशीवर एकीला एक चिकटवून मांडल्या तर फक्त अर्धा चौरस मीटर, म्हणजे दोन जेवणाचे पाट व्यापतात. मग आमचा अख्खा हॉल कसा भरतो? याचं उत्तर गणितात नाही, आमच्या चिरंजीवांत आहे.

रंगांप्रमाणे लावू नका, पस्तावाल

आवरायला बसलेला प्रत्येक पालक पहिल्यांदा हीच चूक करतो. लाल एकीकडे, निळे एकीकडे, पिवळे एकीकडे. दिसतं इतकं सुंदर की फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावासा वाटतो. मी टाकला. नणंदेनं अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी मुलाला एका उंचवट्याची काळी चकती हवी होती. काळ्या डब्यात हात घातला तर सगळंच काळं. पाच मिनिटं कोळशाच्या पोत्यात उंदीर शोधल्यासारखं चाललं होतं, शेवटी डबा उपडा.

असं का होतं, याचं उत्तर मानसशास्त्रात आहे. ॲन ट्रीझमन या संशोधिकेनं गॅरी जेलेड यांच्यासह 1980 मध्ये मांडलं की गर्दीत वेगळा रंग आपोआप डोळ्यांत भरतो. त्याला शोधावं लागत नाही, तोच उडी मारून पुढे येतो. गुंतागुंतीचे आकार मात्र एकेक करून तपासावे लागतात. म्हणजे पांढऱ्या, निळ्या, हिरव्या चकत्यांच्या ढिगात काळी चकती क्षणात दिसते. पण काळ्या विटा, काळ्या पाट्या, काळ्या चाकांच्या ढिगात तीच चकती गडप. डोळ्यांना जे सोपं जातं ते डोळ्यांवर सोपवावं आणि जे अवघड जातं ते डब्यांनी करावं. वेगळे करायचे ते आकार. रंग मिसळलेलेच बरे.

पटत नसेल तर स्वयंपाकघराला विचारा. कुठली गृहिणी हळद आणि चणाडाळ दोन्ही पिवळ्या म्हणून एका डब्यात ठेवते?

चिवड्याचं तिखट आणि एका उंचवट्याची वीट

हवी ती बारकी वीट नेमकी तळाशीच का असते? नशीब नव्हे, भौतिकशास्त्र. दिवाळीतला चिवड्याचा डबा आठवा. वर पोहे आणि खोबऱ्याचे काप, तळाला मीठ, तिखट आणि पिठीसाखर. डबा हलला की कणांमध्ये फटी पडतात. त्या फटींतून बारीक कण खाली घरंगळतात, मोठ्यांना तेवढ्या फटी मिळत नाहीत, ते वर राहतात. या प्रकाराला शास्त्रज्ञांनी ब्राझील नटचं नाव दिलंय, कारण सुक्यामेव्याच्या मिश्रणात ते टपोरं फळ वर येऊन बसतं. 1987 मध्ये तर 'ब्राझील नट वरच का असतात' या मथळ्याचा शोधनिबंध एका मान्यवर भौतिकशास्त्र नियतकालिकात आला. मराठी शास्त्रज्ञांनी आधी लिहिला असता तर आज जगभर 'चिवडा परिणाम' शिकवला गेला असता.

यावरून दोन धडे. एक, खोल बादली हा लेगोचा शत्रू. मूल हात घालून घुसळतं, आणि जितकं घुसळतं तितकं बारीक खाली जातं. उथळ, पसरट डबा घ्यावा. आमच्या पलंगाखाली जुन्या कपाटाचा खण आडवा सरकवलाय, तळाशी चार चाकं ठोकून. दोन, हाच नियम उलटा वापरता येतो. मोठ्या भोकांची भाजी धुवायची टोपली घ्या, लेगो ओता, हलवा. चकत्या, डोकी, बारकी बोळकी सगळी खाली परातीत. सासूबाईंनी सूप आणलं होतं, पण लेगो पाखडला जात नाही. हेही करून पाहिलं.

गाठोडं झिंदाबाद

परदेशात गोल चटईसारखी पिशवी मिळते. कडेनं दोरी ओवलेली. मुलानं त्यावर खेळायचं आणि शेवटी दोरी ओढली की चटईची पिशवी होते. किंमत वाचून मी आजीची आठवण काढली. जुनी चादर, चार कोपरे, एक गाठ. बोचकं तयार. लेगो आवरायला लागणारा वेळ अकरा सेकंद, मी मोजलाय. चादर सुती घ्यावी, लोकरी घेतली तर पाट्यांच्या फटीत धागे अडकतात.

कंपनीलाच आवरेना

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. 2003-04 च्या सुमारास लेगो कंपनी बुडायच्या बेतात होती. कारणं बरीच होती, पण त्यातलं एक ऐकून मला धीर आला. तऱ्हेतऱ्हेच्या तुकड्यांची संख्या काही वर्षांत वाढत वाढत बारा-तेरा हजारांच्या घरात गेली होती. प्रत्येक नव्या तुकड्याला नवा साचा, नवा साठा, नवा खण. त्यातले कितीतरी एखाद्याच संचात कामाला यायचे. 2004 मध्ये यॉर्गन विग नुडस्टॉर्प हे कंपनीच्या इतिहासातले घराण्याबाहेरचे पहिले प्रमुख आले आणि तुकड्यांचे प्रकार जवळपास निम्म्यावर आणले गेले. थोडक्यात, बिलुंडला जाऊन कुणीतरी खण आवरला.

याच बिलुंडमध्ये कंपनीची एक तळघरवजा खोली आहे. आजवर निघालेले जवळपास सगळे संच तिथे खोक्यांसकट ठेवलेले. आपल्याकडे याला माळा म्हणतात.

झोपेत दोन टन

नेदरलँड्सच्या जाक मातेय या प्रोग्रॅमरनं जुन्या लेगोच्या ऑनलाइन लिलावांत बऱ्याच बोली लावल्या आणि गृहस्थ झोपायला गेले. सकाळी उठून पाहतात तो 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात' अशा निरोपांनी टपालपेटी भरलेली. प्रकरण वाढून दोन टन लेगोवर गेलं. हातानं वेगळा करणं अशक्य, म्हणून त्यांनी पट्टा, कॅमेरा आणि न्यूरल नेटवर्क जोडून तुकडे ओळखणारं यंत्र बांधलं. हे 2017 मधलं. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या डॅनियल वेस्टनं त्याच्या पुढची पायरी गाठली. त्याचं वर्गीकरण-यंत्रच मुळी सुमारे दहा हजार लेगो विटांचं बनलेलं! दर दोन सेकंदांना एक वीट ओळखून अठरापैकी एका डब्यात टाकतं. आमच्या घरी हेच काम पाच मिनिटं चालतं आणि मग यंत्र म्हणतं, "आई, भूक लागली."

दुपारी एक ते चार

विटा शोधतानाचा तो खळखळाट. वामकुक्षीच्या वेळेला तो ऐकून आमचे सासरे कुशीवरून कुशीवर होतात. तर ऐका: 2021 मध्ये लेगो कंपनीनं लोकांना शांत झोप लागावी म्हणून 'व्हाइट नॉइज' नावाचा ध्वनिसंग्रह काढला. त्यात विटांचेच आवाज आहेत. विटा एकमेकींवर ओततानाचा एक, डब्यात हात घालून चाळवतानाचा एक. तीन तासांहून जास्त. मी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "डॅनिश लोकांना नातवंडं नसतील."

आवाज कमी करायचा साधा उपाय: डब्याच्या तळाशी जुन्या टॉवेलचा तुकडा.

किल्ल्यावरचा अंतराळवीर

दर दिवाळीत सोसायटीच्या आवारात मुलं किल्ला करतात. मातीच्या मावळ्यांच्या बरोबरीनं एक लेगोचा अंतराळवीरही बुरुजावर पहाऱ्याला असतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. भाऊबीजेनंतर तो चिखल, गेरू आणि अळिवाच्या मुळांसकट घरी येतो. अशांना आंघोळ घालायची तर पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको. वॉशिंग मशीन नको, ड्रायरही नको. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, जुना दातांचा ब्रश, मग पंख्याखाली पंचावर पसरायचं. उन्हात वाळवायचा मोह आवरावा. या विटा 1963 पासून एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात. ते चिवट आहे, पण ऊन खात राहिलं की पांढऱ्या विटा जुन्या स्विचबोर्डासारख्या पिवळट होतात. म्हणून पारदर्शक डबे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नयेत, कितीही छान दिसत असले तरी.

पावसाळ्याचं काय? विटांना काही होत नाही. कागदी पुस्तिकांना होतं. कोकणात आणि मुंबईत जुलैपर्यंत त्या पापडासारख्या वळतात, वर कसरीची भीती. आमच्याकडे पुस्तिका झिपच्या पिशवीत, पिशवी लग्नाच्या शालूंच्या खणात. कडुनिंबाचा पाला दोघांना समाईक.

दात वाचवा

एकमेकांना चिकटलेल्या दोन चपट्या पाट्या सोडवण्याची जागतिक पद्धत म्हणजे दात. त्यासाठीच कंपनीनं पाचरीसारखी एक छोटी पट्टी काढली, अलीकडे ती केशरी रंगाची असते आणि बऱ्याच मोठ्या संचांत फुकट येते. आमच्याकडे सहा जमल्यात. गरजेच्या वेळी एकही सापडत नाही. आता एक पट्टी डब्याच्या कडीला दोऱ्यानं बांधून ठेवलीय, बॅंकेतल्या पेनासारखी.

दोन जास्तीचे कुठून आले?

संच पूर्ण झाला तरी दोन-चार बारके तुकडे उरतात आणि बाबा लोक घाबरून पुस्तिका पहिल्या पानापासून तपासतात. घाबरू नका. पिशव्या वजन करून तपासल्या जातात. मोठी वीट कमी पडली तर काट्याला कळतं, पण ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा राहून गेला तर कळणं कठीण. म्हणून बारके तुकडे जास्तीचे घालतात. यांचीच सातवी वाटी.

न्यू जर्सीहून

आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. त्यामुळे परदेशातल्या मावशी-आत्यांच्या बॅगेला भाव आला. आमच्या आत्याबाई जाणत्या. खोकं तिकडेच टाकतात, आकडे घातलेल्या पिशव्या स्वेटरच्या बाह्यांत कोंबतात. खोक्यात निम्मी हवाच असते. बॅगेत हवा कशाला आणायची, असं त्यांचं म्हणणं.

पोटात गेला तर

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर बारका लेगो उंच फळीवर, खाली फक्त डुप्लो. 1969 मध्ये आलेले हे थोराड ठोकळे लांबी, रुंदी, उंचीला बरोबर दुप्पट, आणि तरीही नेहमीची वीट त्यांच्यावर बसते. गिळलेल्या तुकड्याचं पुढे काय होतं, हे पाहायला सहा डॉक्टरांनी स्वतःच लेगोची मुंडकी गिळली. 2018 मध्ये निबंध आला. मुंडकं बाहेर यायला सरासरी 1.71 दिवस लागले. एका डॉक्टरांचं सापडलंच नाही. मोठ्यांवरच्या या प्रयोगानं लहान मुलाच्या बाबतीत निर्धास्त होऊ नये, गिळल्याचा संशय आला की डॉक्टरांना फोन करावा.

पायाखाली आल्यावर

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत 2012 मध्ये चार उंचवट्यांच्या विटेवर यंत्रानं दाब देऊन पाहिला. ती चेपायला सरासरी 4,240 न्यूटन, म्हणजे सुमारे 432 किलो भार लागला. या हिशेबानं साडेतीन किलोमीटर उंचीचा मनोरा तळातली वीट पेलेल. तेव्हा अनवाणी तळव्यानं फार आशा ठेवू नये.

समुद्रानं केलेली वाटणी

13 फेब्रुवारी 1997 रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ 'टोकियो एक्स्प्रेस' जहाजाला मोठी लाट लागली आणि कंटेनर पाण्यात गेले. त्यातल्या एकात सुमारे 48 लाख लेगो तुकडे होते, आणि योगायोग असा की पुष्कळसे समुद्रावरच्याच संचांचे: ऑक्टोपस, पाणबुड्यांचे पंजे, तराफे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांवर ते अजून येताहेत. हलके तरंगत आले, जड तळाशी राहून मच्छीमारांच्या जाळ्यात आले. वर्गीकरण समुद्रालाही सुटलं नाही. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी किनाऱ्यावरच्या झिजलेल्या विटा तपासून 2020 मध्ये अंदाज दिला: समुद्रात एक वीट 100 ते 1,300 वर्षं टिकू शकते. आमच्या सोफ्याखाली तर याहून जास्त.

सहा विटांचं काय करायचं

एक शेवटचा आकडा, मुलाला शांत बसवायला. एकाच रंगाच्या, आठ उंचवट्यांच्या दोन विटा 24 प्रकारे जोडता येतात. तीन विटा 1,060 प्रकारे. सहा विटा किती? कंपनी पूर्वी 10,29,81,500 सांगायची, पण त्यात फक्त सहा मजली मनोरे मोजले होते. कोपनहेगन विद्यापीठाचे गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकावर सगळ्या रचना मोजल्या तेव्हा उत्तर आलं 91,51,03,765. मी मुलाला सहा विटा दिल्या आणि म्हटलं, सगळ्या रचना झाल्या की सांग. त्यानं तीन केल्या आणि विचारलं, "सातवी वीट कुठाय?"

आणि हो, काल सकाळी पोह्यांना फोडणी द्यायची होती. मुलाच्या शाळेची बस यायला सात मिनिटं, तेल तापून धूर सुटलेला. हात लांब करून ओट्यावरचा डबा ओढला, झाकण काढलं, मोहरीसाठी चमचा बुडवला. चमच्यात चार पिवळी मुंडकी. चारही हसत होती.